रिकामं घर आणि मॅडमचं कपाट

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

"माझं वय ३२. मिस्टर फरशी बसवायचं काम करतात. मी दोन घरी पोळी-भाजीला जाते आणि उरलेल्या वेळात ब्लाउज शिवते. दोघांचं मिळून महिन्याला वीस हजारांच्या आसपास होतात, कधी त्याहून कमीच. दोन मुलं आहेत. अकरा वर्षं सासूबाईंच्या घरात एका खोलीत काढली. पंतप्रधान आवास योजनेच्या सोडतीत पिंपरी-चिंचवडच्या बाजूला आमचा नंबर लागला आणि गेल्या महिन्यात किल्ली मिळाली. घराच्या कर्जाचा हप्ता साडेसहा हजार. हातात पंचवीस हजार आहेत, पण घरात काहीच नाही. सासूबाईंचं सामान तिथेच राहणार. एक फर्निचरवाला ऐंशी हजारांत सगळं देतो म्हणतो: सोफा, बेड, कपाट, टीव्हीचं युनिट. वीस हजार आधी, बाकीचे हप्त्याने. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू, नव्या घरात नवंच पाहिजे. मी जिथे कामाला जाते त्या मॅडम त्यांचं जुनं कपाट आणि फ्रिज द्यायला तयार आहेत, पण कुणापुढे हात पसरायची मला लाज वाटते. शिवाय त्यांचं घेतलं की पुढे पगारवाढ कोणत्या तोंडाने मागू? सासूबाई म्हणतात, घर लावल्याशिवाय वास्तुशांत करू नका, लोक नावं ठेवतील. सरकारची किंवा एखाद्या संस्थेची मदत मिळते का? काय करू?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न पैशांचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की पैशांबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि लाजेबद्दल दीड पान. 'हात पसरणं' हा शब्द तीनदा आलाय. म्हणून आधी त्याबद्दल बोलते, हप्त्याकडे मग येते.

माझ्याकडे स्टीलची एक परात आहे. तिच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय, 'चि. सौ. कां.', पुढचं नाव घासून घासून गेलंय, मग 'हिस मामांकडून', आणि तारीख १२-५-७४. हे मामा आमचे कुणी नव्हेत. कुणाच्या तरी लग्नातला आहेर फिरत फिरत माझ्या सासूबाईंकडे आला आणि त्यांनी आम्ही वेगळे झालो तेव्हा मला दिला. मी रोज त्या परातीत कणीक मळते. तुमच्या सासूबाईंच्या मांडणीवरची भांडी जरा उलटी करून बघा. निम्म्यांवर दुसऱ्यांची नावं निघतील, एखाद्या तांब्यावर तर 'स्मरणार्थ'सुद्धा. आपल्याकडे घर कधी एकट्याच्या कमाईवर उभं राहिलेलंच नाही. रुखवत, आहेर, माहेरचा पाटा-वरवंटा, शेजारणीने दिलेला विरजणाचा सट, सगळं दुसऱ्यांचंच. तेव्हा त्याला कुणी हात पसरणं म्हणत नव्हतं. आता दुकानदार 'पॅकेज' म्हणतो आणि आपल्याला वाटतं, अब्रूचा मार्ग तेवढा हाच.

तर त्या पॅकेजचा हिशेब करू. साठ हजार हप्त्याने. दर किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा दुकानदाराने सांगितलाही नसेल, नुसता हप्त्याचा आकडा सांगितला असेल. समजा तो १४ टक्के 'फ्लॅट' म्हणाला आणि मुदत २४ महिन्यांची. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या साठ हजारांवरच. दोन वर्षांचं व्याज १६,८०० रुपये, एकूण ७६,८००, महिन्याला ३,२०० रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होतं हे धरून हिशेब केला तर हाच दर वर्षाला जवळजवळ २५ टक्के पडतो. घराच्या कर्जाच्या दुपटीहून जास्त, आणि घर तर पुढे किमतीला चढतं. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीचा सोफा दोन पावसाळ्यांत फुगतो, हे मिस्टरांनी साइटवर डोळ्यांनी पाहिलं असेल.

'झिरो टक्के' म्हणाला तर? सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रोसेसिंग फीमध्ये किंवा किमतीत लपवलेलं असतं. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा: "रोख दिले तर केवढ्याला द्याल?" रोखीचा भाव कमी निघाला की मधला फरक हेच तुमचं व्याज. आणि कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने सही घेण्याआधी कर्जाचा सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला एक कागद, 'की फॅक्ट स्टेटमेंट', तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो सगळ्या किरकोळ कर्जांना लागू आहे. तो मागा. मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही बघा.

वीस हजारांतून साडेसहा गेले, त्यातून बत्तीसशे गेले, उरले दहा हजार तीनशे. त्यात चार माणसांचं खाणं, शाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट, रिक्षा. आणि फरशीच्या कामाचे पैसे महिन्याच्या एक तारखेला येत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगणार. ठेकेदाराचं बिल अडकलं की मिस्टरांचे पैसे अडकतात. तसं झालं की दोन्ही हप्ते एकाच खात्यावर आदळतात. हप्ता परत गेला की दंड बँकही लावते आणि फायनान्स कंपनीही, आणि घराच्या कर्जाच्या नोंदीला डाग लागतो तो वेगळाच. सोफ्यासाठी घर धोक्यात घालू नका. या एका बाबतीत मी 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणणार नाही.

पण मिस्टरांवर चिडू नका. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल थोडी कुरकुर आहे म्हणून लिहिते. हा माणूस रोज दुसऱ्यांच्या घरात गुडघ्यावर बसून फरशी बसवतो. त्याच्या डोळ्यांदेखत त्या घरांत नवं फर्निचर येतं, प्लास्टिकचा कागदही न काढलेलं. तो हात पुसून बाहेर पडतो. आता आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं घर झालंय आणि बायको म्हणते मॅडमचं जुनं कपाट आणू. त्याला काय वाटत असेल? 'नव्या घरात नवंच' यात हौस आहे आणि मानही आहे, उधळपट्टी नाही. म्हणून एक करा: एक वस्तू नवी घ्यायची, रोखीने, त्यांच्या पसंतीची. पलंग म्हणाले तर पलंग, टीव्ही म्हणाले तर टीव्ही. बजेट तेवढं आधी ठरवा, म्हणजे पंचवीसातले आठ किंवा नऊ हजार. बाकीचं कसं जमवायचं ते तुम्ही बघता म्हणून सांगा.

आणि घर लावायच्या कामात त्यांच्याइतकी मदत दुसरं कुणीच करू शकणार नाही. कडप्प्याचे, शहाबादीचे, टाइलचे तुकडे प्रत्येक साइटवर उरतात आणि राडारोड्यात जातात. ठेकेदाराला विचारून (विचारूनच, मागाहून बोलणी नकोत) ते आणले तर स्वयंपाकघरातली कडप्प्याची फडताळं दोन रविवारांत होतील. ट्रॉल्यांच्या नादाला तर लागूच नका. फरशीवाल्याची ओळख सुताराशी असते, सुताराकडे प्लायचे तुकडे असतात, आणि सुताराच्या घरी कधी ना कधी मोरीची फरशी बदलायची असतेच. त्याची फरशी यांनी बसवायची, तुमचं शेल्फ त्याने करायचं.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला अगदी उलटं वाटतं. वास्तुशांत आधी करा, घर रिकामं असतानाच. तीनशे चौरस फुटांच्या घरात सोफा-बेड मांडल्यावर पूजेला माणसं बसवणार कुठे? रिकाम्या घरात सतरंजीवर तीस माणसं आरामात बसतात. स्वयंपाकाची मोठी भांडी जुन्या वस्तीतल्या मंडळाकडून आणा. बहुतेक मंडळांकडे पातेली आणि ताटं असतात, नाममात्र भाड्याने देतात. आणि मुख्य म्हणजे आहेर येतो. आपण पत्रिकेत छापतो, 'कृपया आहेर आणू नये', तरी लोक आणतातच, आणि मग चार भिंतींना सहा घड्याळं होतात. वास्तुशांतीला येणारी भिंतीवरची घड्याळं हा आपल्याकडचा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्यापेक्षा जवळच्या माणसांना आधीच सांगून टाका. भाऊ विचारेलच, "ताई, काय आणू?" तेव्हा "काही नको रे" म्हणू नका. "पंखा आण" म्हणा. दोन नणंदा मिळून मिक्सर देऊ शकतात. लांबच्यांना सांगायचं नाही, त्यांचं घड्याळ येऊ द्या. सांगण्याचं काम तुम्हाला जड जात असेल तर सासूबाईंवर सोपवा. 'लोक नावं ठेवतील' ही चिंता त्यांनाच आहे ना, मग त्यांना कामाला लावलं की त्यांची बाजू बदलते. हे मी स्वानुभवाने सांगते.

पंख्याचं निघालं म्हणून: जुना पंखा फुकट मिळाला तरी फार खूश होऊ नका. जुने पंखे साधारण ७५ वॅटचे असतात. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तीसेक वॅटचा, म्हणजे अकरा युनिट. वीजबिलात पहिल्या शंभर युनिटचा दर कमी असतो, त्यापुढे तो एकदम चढतो. दोन-तीन पंखे आणि एक म्हातारा फ्रिज मिळून तुम्हाला शंभराच्या पार नेतील. त्यामुळे भावाने आणायचाच तर बीएलडीसी आणायला सांगा.

आता मॅडमचं कपाट. तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग हाच आहे. तुमची शंका अगदी रास्त आहे. काही घरांत जुनी साडी दिली की ती पगारात धरतात, तोंडाने बोलत नाहीत एवढंच. "मागच्या वर्षी फ्रिज दिला होता की!" हे वाक्य मी माझ्या ओळखीच्या घरांतून ऐकलंय. (तसं बोलणाऱ्यांनी हे सदर वाचत असाल तर जरा विचार करा.) पण घ्यायचं नाही हा एकच उपाय आहे असं नाही. विकत घ्या. भंगारवाल्याने त्या कपाटाचे जे दिले असते ते तुम्ही द्या. मॅडमना स्पष्ट म्हणा, "मॅडम, फुकट नको, भंगारवाला काय देतो ते विचारा, तेवढे मी देते." त्या नको म्हणतील. तुम्ही आग्रह धरा, हजार-बाराशे जे ठरेल ते हातात ठेवा, आणि शक्य असेल तर फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते. 'पगारातून कापा' अजिबात म्हणू नका. पगार आणि कपाट यांची गाठ पडू द्यायची नाही. दिवाळीचा बोनसही त्यात मिसळू द्यायचा नाही. आणि पगारवाढ मागायचं तुमच्या मनात असेल तर ती याच महिन्यात, कपाट उचलण्याआधी मागा.

त्या दोन वस्तूंपैकी कपाट डोळे झाकून घ्या. लोखंडी गोदरेज छाप कपाट चाळीस वर्षं कुठे जात नाही. खालच्या पत्र्याला गंज आहे का, दार बिजागरीवर नीट बसतं का आणि चाव्या दोन आहेत का, एवढंच बघा. फ्रिज मात्र डोळे उघडून. किती वर्षांचा आहे ते विचारा. बारा-पंधरा वर्षं होऊन गेली असतील तर नम्रपणे नको म्हणा, तो वाचवलेले पैसे वीजबिलातून परत घेईल. दाराच्या रबराची परीक्षा सोपी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सरकन आली तर रबर गेलंय. टेम्पोतून उभाच आणायचा. आडवा आणावा लागला तर घरी आल्यावर उभा करून काही तास तसाच ठेवायचा, मगच बटण दाबायचं.

जुनं काय घेऊ नये, तेही सांगते. गॅसची नळी आणि रेग्युलेटर कधीच नाही. गॅसची ती नारिंगी सुरक्षा नळी नवीनसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते. जुना कुकर नाही. आणि दुसऱ्याची गादी नाही. लाकडी पलंग जुना घ्यायचा झाला तर सांध्यांत, फळ्यांच्या खालून, मोबाइलचा टॉर्च मारून बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर तो ढेकणांचा पत्ता आहे, तिथून तसंच परत फिरायचं. गादीसाठी गावाकडून जुन्या गाद्यांचा कापूस आणा आणि पिंजाऱ्याकडून पिंजून नवीन खोळीत भरून घ्या. खोळ तुम्ही स्वतः शिवाल. पडदेही तुमच्याच मशीनवर होतील, त्यावर एक रुपया खर्च करू नका.

सरकारी मदतीचं विचारलंत. इथे तुमच्या हातातलं एक घबाड तुम्हाला दिसलेलंच नाही. मिस्टर फरशी बसवतात, म्हणजे कायद्याने ते बांधकाम कामगार आहेत. विटा-सिमेंटचं काम करणाराच बांधकाम कामगार असतो असा अनेकांचा समज आहे. फरशीवाले, रंगारी, प्लंबर, वायरमन, सुतार हे सगळे त्यात येतात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराकडून घ्या. नोंदणीची फी एक रुपया आहे. हो, एकच रुपया.

या मंडळाकडून नोंदीत कामगारांना गृहोपयोगी वस्तूंचा संच मिळतो. तीस नग असतात: चार ताटं, आठ वाट्या, चार पेले, झाकणाची तीन पातेली, भाताचा आणि वरणाचा मोठा चमचा, जग, मसाल्याचा डबा, तीन मोठे डबे, परात, पाच लिटरचा कुकर, कढई आणि स्टीलची टाकी. म्हणजे तुमचं अख्खं स्वयंपाकघर. मुलांच्या शिक्षणासाठीही मंडळाच्या योजना आहेत, त्या संचापेक्षा मोलाच्या आहेत, म्हणून नोंदणी एवढ्यासाठी तरी कराच आणि दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, संच नंबराप्रमाणे मिळतो, वास्तुशांतीची तारीख त्याच्या भरवशावर काढू नका. दुसरी, तुमच्या वस्तीत कुणीतरी एजंट नक्की भेटेल, "दोन हजार द्या, आठ दिवसांत पेटी घरी." संच मोफत असतो. एजंटला एक पैसाही देऊ नका, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या 'मोफत भांडी' लिंकवर आधार क्रमांक किंवा ओटीपी तर मुळीच टाकू नका. तुमची स्वतःची नोंद घरेलू कामगार मंडळाकडे आहे का? नसेल तर त्याच फेरीत तीही विचारून या. २००८ च्या कायद्याने ते मंडळ स्थापन झालंय आणि पोळी-भाजीला जाणाऱ्या निम्म्या बायकांना त्याची गंधवार्ता नाही.

गॅस. सासूबाईंचं कनेक्शन त्यांच्या नावावर राहील. घरात कुणाच्याच नावावर कनेक्शन नसेल आणि तुम्ही केंद्र सरकारच्या उज्ज्वला योजनेच्या निकषांत बसत असाल तर अनामत न भरता कनेक्शन, शेगडी आणि पहिली टाकी मिळते. ते घरातल्या बाईच्याच नावावर होतं. त्यासाठी वितरकाकडे जाऊन विचारा, रेशनकार्ड आधी वेगळं करून घ्या. रेशनकार्ड वेगळं करायचं काम तुम्ही अजून केलेलं नसणार, हे मी पैजेवर सांगते. ते पहिलं करा, पुढच्या पंधरा कामांना तेच लागणार आहे.

संस्थांचं सांगते, पण फार आशा दाखवत नाही. 'गूंज'सारखी मोठी संस्था शहरांतून जुनं सामान गोळा करते, पण ते गावोगावच्या कामांतून जातं. एका कुटुंबाने जाऊन पलंग मागावा अशी ती व्यवस्था नाही. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था लोकांकडून वापरलेल्या वस्तू गोळा करण्याचे कार्यक्रम घेते. तुमच्या भागात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारा, चांगली खुर्ची कुठल्या सोसायटीतून निघतेय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बऱ्याच गावांत 'माणुसकीची भिंत' असते, तिथे कपड्यांबरोबर कधी भांडीही असतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा, घासाघीस करा, आणि विजेची वस्तू तिथल्या तिथे लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळ्यात चांगला बाजार मात्र तुमच्याच आसपासच्या मोठ्या सोसायट्यांत आहे. भाड्याने राहणारी आयटीतली मुलं नोकरी बदलली की आठ दिवसांत घर रिकामं करतात आणि टेबल, मांडणी, कूलर मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. मॅडमना सांगून ठेवा की त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी काही काढत असेल तर कळवा. ही मदत मागायला त्यांचा पैसा लागत नाही, त्यामुळे तुम्हालाही ओझं नको. वस्तूच्या किमतीत टेम्पोचं भाडं धरायला विसरू नका. पाचशेचं टेबल आणि बाराशेचा टेम्पो असं होतं. दोन-तीन वस्तू जमल्या की एकाच खेपेत आणा.

आणि लाडक्या बहिणीचे दीड हजार येत असतील तर ते घरखर्चात विरघळू देऊ नका. जुन्या वस्तीत दहा जणींची भिशी असेल, महिना दीड हजाराची, तर पंधरा हजारांचा डाव हातात येतो. घर लागलंय म्हणून पहिला किंवा दुसरा नंबर मागा. बायका अशा वेळी नंबर बदलून देतात. अनोळखी माणसाच्या भिशीत मात्र नाही. बचत गटात असाल तर गटाचं छोटं कर्जही फर्निचरवाल्यापेक्षा परवडेल, निदान व्याज आपल्याच गटात राहतं.

पंचवीस हजारांचं म्हणाल तर मी असं करीन: पाच हजारांना हात लावायचा नाही, ते हप्ता चुकू नये म्हणून. आठ-नऊ हजार मिस्टरांच्या पसंतीच्या त्या एका नव्या वस्तूचे. उरलेल्यात कपाट, टेम्पो, पाण्याचं पिंप, डास अडवायची जाळी, दोन एलईडी आणि वास्तुशांतीचा किराणा. सोफा पुढच्या दिवाळीला बघू.

तुमच्यासारख्याच, पण जरा वेगळ्या अडचणीत असलेल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पत्त्याचा पुरावा नसलेल्या मुलांनी गॅसची पाच किलोची छोटी टाकी घ्यावी, तिला ओळखपत्र पुरतं. आणि ज्या बायका त्रासाला कंटाळून घर सोडून बाहेर पडल्या आहेत आणि आता एका खोलीत शून्यातून मांडतायत, त्यांनी नवं काही विकत घ्यायच्या आधी हे जाणून घ्यावं: लग्नात तुम्हाला मिळालेली भांडी, कपाट, दागिने हे तुमचं स्त्रीधन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ते परत द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. त्यासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन लावा. नावं कोरलेली असतील तर कामच सोपं.

ताई, मॅडमकडे बोलायला जाण्याआधी एक करा. शिवणकामाची टेप घेऊन नव्या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार मोजा. लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद असतं. लिफ्टमध्ये बसलं नाही तर ते जिन्याने चढवायला माणसं लागतील, आणि तुमचा मजला कितवा ते तुम्ही लिहिलेलंच नाही.